तीन वर्षांच्या भाचीसाठी भेट: सुताराकडून करून घेतलेले ठोकळे

प्रश्न बेळगावातल्या शहापूरच्या एका मामांचा आहे. बहीण खानापूर तालुक्यातल्या नंदगडला दिलेली, भाची पाच आठवड्यांनी तीन वर्षांची होणार. बजेट तीन हजारांपर्यंत. घरात बॅटरीची गाडी, बोलणारी बाहुली आणि प्लास्टिकचा स्वयंपाकसंच आधीच आहे, दहा महिन्यांचा धाकटा भाऊही आहे. काहीतरी खास द्यायचं आहे, जे आठवड्याभरात माळ्यावर जाणार नाही.

थेट सांगायचं तर चांगल्या लाकडाचे, मापात कापलेले ठोकळे सुताराकडून करून घ्या. पाच आठवडे त्याला पुरतात, त्यामुळे आजच हालचाल करा. का आणि कसे, ते पुढे आहे. ते जमणारच नसेल तर काय घ्यावं, तेही लिहिलं आहे.

त्याआधी बहिणीला एक फोन करा. "तिला काय हवंय" असं विचारू नका, कारण उत्तर टीव्हीवर शेवटी काय दिसलं त्यावर ठरतं. त्याऐवजी विचारा की कोणी काही दिलेलं नसताना ती कशाशी खेळते. डबे एकावर एक रचते का, वाट्या ओळीने लावते का, चपला जोड्याने मांडते का, पाट आडवा करून त्याखाली बाहुली निजवते का. या वयाची बहुतेक मुलं यातलं काही ना काही करत असतातच. आत्ता हात जे करू पाहताहेत त्याला पुरेसं सामान मिळालं की ती वस्तू टिकते. बोलणाऱ्या बाहुलीची चार वाक्यं ऐकून संपली की मुलाला तिच्याशी करण्यासारखं काही उरत नाही.

ठोकळ्यांचा खेळ वयाबरोबर बदलत जातो, म्हणून ते जुने होत नाहीत. दोन वर्षांचं मूल ते नुसतं इकडून तिकडे नेतं. मग ओळी लावतं, मनोरे रचतं. तीनच्या आसपास दोन ठोकळे उभे करून त्यांवर तिसरा आडवा ठेवायला जमतं, म्हणजे पूल. त्यानंतर चारही बाजूंनी बंद केलेली जागा येते, गोठा किंवा अंगण. चार-पाच वर्षांची मुलं त्याला नावं देतात: ही शाळा, हे बसस्टँड, ही मलप्रभा आणि हा तिच्यावरचा पूल. तुमची भाची नेमकी पुलाच्या टप्प्यावर आहे, म्हणून हा मुहूर्त चांगला आहे.

आता माप. आडमाप ठोकळ्यांचा खेळ लवकर संपतो, कारण काहीच एकमेकांशी जुळत नाही. जाडी, रुंदी आणि लांबी 1:2:4 या प्रमाणात हवी. अमेरिकेतल्या कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे प्रमाण बालशाळांत रुळवलं आणि ते आजही चालतं. आपल्या हिशेबात पूर्ण ठोकळा 35 × 70 × 140 मिलिमीटरचा. अर्धा 35 × 70 × 70, दुप्पट 35 × 70 × 280, खांब 35 × 35 × 140, आणि अर्धा ठोकळा कर्णावर कापला की दोन त्रिकोण. पूर्ण 16, अर्धे 12, दुप्पट 6, खांब 6 आणि त्रिकोण 8 असे 48 नग करा. एवढ्यात तीन वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंतचा खेळ भागतो. वर्तुळं, कमानी, घुमट यांच्या मागे लागू नका. त्यांना कातकाम किंवा वळणदार कापणी लागते आणि खर्च वाढतो.

35 मिलिमीटर जाडीला आणखी एक कारण आहे. तीन वर्षांखालच्या मुलांची खेळणी तपासताना 31.7 मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात पूर्ण मावणारा तुकडा घशात अडकू शकतो असं धरतात. घरात दहा महिन्यांचं बाळ आहे आणि ते हाताला लागेल ते तोंडात घालणार. या संचातला एकही नग त्या नळीत जात नाही. सुतार "लहान मुलाला एवढे जाड कशाला, एक इंचाचे करू" म्हणेल. ऐकू नका. एक इंच म्हणजे 25 मिलिमीटर, म्हणजे जाडी त्या नळीच्या व्यासापेक्षा कमी होते, आणि हलके ठोकळे उभेही राहत नाहीत.

लाकूड शिवणीचं मिळालं तर उत्तम. हलकं, फिकट, कमी वाकणारं, आणि रंध्याखाली गुळगुळीत होणारं. खानापूर भागातल्या सुतारांना ते चांगलं माहीत असतं. सागवान अर्थातच टिकाऊ, पण जड आणि महाग. आंब्याचं स्वस्त मिळतं, पण नीट वाळवलेलं नसेल तर त्याला भुंगा लागतो आणि वर्षभरात ठोकळ्यांखाली पीठ पडलेलं दिसतं. प्लायवुड आणि एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचे दाबून केलेले तक्ते) नको. प्लायच्या कडांची शिलपं निघतात, एमडीएफ ओलाव्याने फुगतो, आणि दोन्हींत डिंक-रसायनं असतात. जुन्या वाड्याचं सागवान हा चांगला पर्याय आहे, कारण ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं. मात्र फक्त बिनरंगाची तुळई किंवा वासे घ्या. जुन्या दारं-खिडक्यांवरच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. तासून काढताना त्याची धूळ सुताराच्या छातीत आणि उरलेला थर बाळाच्या तोंडात जातो. शिवाय आत मोडलेले खिळे निघतात आणि रंध्याची पाती जाते, त्यामुळे सुतारालाही ते आधी सांगा.

वखारीत मागताना तीन बाय दीड इंचाची पट्टी 20 फूट आणि दीड बाय दीडची 4 फूट सांगा. रंधा मारून ती अनुक्रमे 70 × 35 आणि 35 × 35 होते. कापाकापीतली घट धरून हे पुरतं, आणि एकूण लाकूड पाऊण घनफुटाच्या आतच राहतं. म्हणजे खर्च लाकडाचा कमी आणि मजुरीचा जास्त. मजुरी नगावर न ठरवता पूर्ण संचावर ठरवा, आणि कडा गोल करून घासून द्यायचं त्यातच धरा. नुसतं "कापून द्या" म्हणालात तर नेमकं कष्टाचं काम तुमच्या अंगावर येईल.

ओलं लाकूड ही सगळ्यात मोठी अडचण. खानापूरच्या पावसात वखारीतलं लाकूड वरून कोरडं दिसलं तरी आत ओलं असतं. मग ठोकळे घरात आल्यावर आकसतात, टोकाला चिरतात, आणि जुळणारी मापं जुळेनाशी होतात. ओळखायची सोपी रीत वजनाची आहे. पट्टीतून एक पूर्ण ठोकळा कापून घ्या आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. वाळलेल्या शिवणीचा 160 ते 170 ग्रॅम भरतो, सागवानाचा 210 ते 230. शिवणीचाच ठोकळा 200 च्या वर गेला तर समजा पाणी आहे. शंका वाटली तर तो आठ दिवस पंख्याखाली ठेवून पुन्हा तोला. वजन बरंच उतरलं तर ती पट्टी वाळू द्या किंवा बदलून घ्या.

कापताना एक चूक जवळजवळ ठरलेली असते. सुतार पूर्ण ठोकळा मधोमध कापून दोन अर्धे करतो. पण कटरचं पातं तीन मिलिमीटर लाकूड खातं, त्यामुळे 70 ऐवजी 68.5 चे दोन तुकडे हाती येतात. दिसायला फरक क्षुल्लक, पण मुलीने दोन अर्धे एका पूर्ण ठोकळ्याशेजारी लावले की तीन मिलिमीटरची फट राहते, आणि मजला तिरका बसतो. म्हणून प्रत्येक नग पट्टीतून स्वतंत्र मापाने कापायचा, आणि पेन्सिलीची खूण करून नव्हे तर मशीनला अडसर लावून. अडसर एकदा 70 वर लावला की सगळे अर्धे सारखे निघतात, मग तो 140 वर, मग 280 वर. खांबही मोठ्या ठोकळ्याला उभा चिरून करू नयेत, त्यासाठीच दीड बाय दीडची वेगळी पट्टी घेतली. त्रिकोणांत पात्याचा घास चालवून घ्या, तिथे तो जाणवत नाही. मात्र एवढा लहान तुकडा हातात धरून मशीनवर कापू देऊ नका. लांब पट्टीच्या टोकाला तिरका काप घेऊन मग तुकडा वेगळा करायचा.

माल ताब्यात घेताना गुण्या (काटकोन बघायची पट्टी) आणि टेप बाजूला ठेवून ठोकळेच रचून बघा. चार ठोकळे आडवे एकावर एक ठेवले की त्यांची उंची एका उभ्या पूर्ण ठोकळ्याइतकी यायला हवी. दोन अर्धे टोकाला टोक लावले की एक पूर्ण. दोन पूर्ण मिळून एक दुप्पट. नंतर दहा अर्धे एकावर एक रचा. मनोरा एका बाजूला झुकला तर रंधा काटकोनात लागलेला नाही, परत द्या. अर्ध्या मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. एक मिलिमीटर मात्र दहाव्या मजल्यावर दिसतो.

कडा दोन-तीन मिलिमीटर गोल हव्यात. सुताराकडे कडा गोल करणारं राउटर यंत्र असेल तर काम झटपट होतं, नाहीतर कानस आणि पॉलिशपेपर. आधी 80 नंबर, मग 120, मग 220. त्यानंतर ओल्या फडक्याने ठोकळे पुसा आणि सुकू द्या. लाकडाचे बारीक रोम उभे राहतात आणि हाताला खरखर लागते. आता पुन्हा 220 फिरवला की ते कायमचे बसतात. ही पायरी सुतार हमखास गाळतात. मग पहिल्यांदा बाळाची लाळ लागली की ठोकळा खडबडीत होतो. शेवटी जुन्या सुती साडीचा तुकडा प्रत्येक नगावरून फिरवा. धागा जिथे अडकेल तिथे शिलप आहे.

वरून काय लावावं? रंग लावूच नका असं माझं स्पष्ट मत आहे. फिकट लाकडाचा ठोकळा आज घर होतो, उद्या म्हैस, परवा बस. लाल रंग दिला की तो लालच राहतो. शिवाय घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) असा नियम नोव्हेंबर 2017 पासून असला तरी तो औद्योगिक आणि गाड्यांच्या रंगांना लागू नाही, आणि सुताराकडे उरलेला डबा कसला आहे हे कोणी बघत नाही. लाकडी घाण्याचं कच्चं जवसाचं तेल पाव लिटर आणा. पातळ हात द्यायचा, वीस मिनिटांनी उरलेलं तेल कोरड्या फडक्याने पूर्ण पुसायचं, दोन दिवसांनी दुसरा हात. जाड थर ठेवला तर तो महिनाभर चिकट राहतो. दुसऱ्या हातानंतर हवेशीर जागी निदान पंधरा दिवस ठेवा, पावसाळ्यात त्याहून जास्त. हार्डवेअरच्या दुकानातलं "बॉइल्ड" जवस तेल घेऊ नका, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंची संयुगं मिसळलेली असतात. खोबरेलही नको, ते वाळतच नाही, धूळ धरतं. आणि एक महत्त्वाचं: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर एकेरी पसरून वाळवा. एवढी खटपट नको असेल तर ठोकळे कोरेच ठेवा. तेही चांगले दिसतात, फक्त लवकर मळतात.

म्हणजे वेळेचा हिशेब असा बसतो: पहिल्या आठवड्यात लाकूड आणि वजनाची परीक्षा, दुसऱ्यात कापणं-घासणं, तिसऱ्यात तेल, आणि मग वाळवण. लग्नसराईत सुतारांकडे कपाट-पलंगांची रांग असते, अशा वेळी त्याला ठरलेली तारीख सांगून दोनदा आठवण करा.

ठोकळ्यांबरोबर उघडी पेटी करून घ्या, बिजागरीचं झाकण नको. झाकण बोटांवर पडतं, आणि झाकलेली वस्तू मुलं विसरतात. भरलेला पूर्ण संच साडेसहा किलोच्या आसपास जातो, तो तीन वर्षांच्या मुलीला ओढवणार नाही. त्यामुळे एकाऐवजी दोन लहान पेट्या बऱ्या, बाजूला हात घालायला खाच ठेवून. भाचीचं नाव आणि तारीख कोरायची हौस असेल तर ती पेटीवर भागवा. ठोकळ्यांवर अक्षरं कोरली की रचताना मोठी माणसं "हा क, हा ख" सुरू करतात आणि खेळाचा तास होतो.

देताना सगळे 48 एकदम देऊ नका. आठ पूर्ण, आठ अर्धे, चार खांब आणि चार त्रिकोण असे 24 वाढदिवसाला द्या. बाकीचे बहिणीकडे ठेवा. पूल सहज जमायला लागले की दुप्पट ठोकळे बाहेर काढायचे, त्यांनी छप्पर घालता येतं. संध्याकाळी केक, पाहुणे, फुगे या गडबडीत ही भेट हरवते. शक्य असेल तर आदल्या दिवशी किंवा सकाळी औक्षण झाल्यावर द्या, आणि तिच्याबरोबर जमिनीवर बसा. तुम्ही तीन ठोकळ्यांचा एक पूल करून गप्प राहिलात तरी पुरे. फरशीवर आवाज होतो, ठोकळे निसटतात, म्हणून जाड सतरंजी अंथरा, पण गादी नको, तिच्यावर काही उभं राहत नाही. धाकट्याने मनोरा पाडायचा हे ठरलेलंच आहे. त्याला चार अर्धे वेगळे द्या आणि दुप्पट ठोकळे तो जवळ असताना बाहेर काढू नका. 330 ग्रॅमचा तुकडा डोक्यावर पडला तर लागतं.

सुतार मिळाला नाही तर दुसरी पसंती पुस्तकांना. तीन वर्षांची झाली म्हणजे ती आता अंगणवाडीत जाईल. घरी मराठी, अंगणवाडीत कन्नड. एकच चित्रगोष्ट दोन्ही भाषांत घेता येते. प्रथम बुक्स आणि नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तकं मराठीतही आहेत आणि कन्नडातही. गोष्ट आधी मराठीत ओळखीची झाली की त्याच चित्रांवर कन्नड शब्द ऐकताना ती बावरत नाही. पाच-सहा गोष्टींच्या अशा जोड्या तुमच्या बजेटमध्ये सहज बसतात. पानावर एक-दोन ओळी आणि मोठं चित्र, एवढं बघून निवडा. धाकट्यापासून ती उंचावर ठेवायला लागतील, कारण दहा महिन्यांचं बाळ पान आधी चाखतं.

चन्नपट्टणची खेळणीही चांगली, पण खरी बघून घ्या. ती काळ्या कुड्याच्या लाकडाची असतात. लाकूड फिरत असताना त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, आणि केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. ओलं पांढरं फडकं घासलं तर रंग उतरत नाही, पेंटचा वासही येत नाही. घरी त्यांना गरम पाणी आणि सॅनिटायझर लावू नका. उष्णतेने लाख मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. सावंतवाडीची आणि गोकाकची रंगवलेली लाकडी फळं-भाज्या देखण्या असतात, पण त्या रंगवलेल्या आहेत. बाळ चघळण्याच्या वयातून बाहेर पडेपर्यंत थांबा. पितळी भातुकलीलाही तेच लागू आहे: बारीक तुकडे आणि सोल्डरने डाग दिलेले जोड, ज्यांत शिसं असू शकतं. चौथ्या-पाचव्या वाढदिवसाला ती खरी शोभेल.

बेळगावच्या खडेबाजार किंवा गणपत गल्लीतून तयार खेळणं घेणार असाल तर खोक्यावर आयएसआय चिन्ह आणि त्याखालचा परवाना क्रमांक बघा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचं आहे. बीआयएस केअर ॲपवर क्रमांक टाकला की खरा की खोटा ते कळतं. नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन असलेल्या खेळण्यांना यातून सूट आहे, म्हणून अस्सल चन्नपट्टणच्या खेळण्यावर ते नसलं तर घाबरू नका.

तीन गोष्टी मात्र कितीही स्वस्त आणि आकर्षक असल्या तरी त्या घरात नेऊ नका. बटण सेल असलेली खेळणी, सुटे छोटे लोहचुंबक, आणि पाण्यात फुगणारे रंगीत मणी. नाण्याएवढा, 20 मिलिमीटरचा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते, आणि तो गिळला हे कोणाच्या लक्षातही येत नाही. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि तिथे भोक पडतं. मणी पोटात गेल्यावर फुगून आतडं अडवतात. सेल किंवा चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, केळं-भात खायला घालून वाट पाहू नका, एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या बेळगावच्या मोठ्या रुग्णालयात थेट जा. घरात आधीपासून असलेली बोलणारी बाहुलीही या भेटीत उलटून बघा. तिच्या सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल किंवा तो ढिला असेल तर सेल काढून टाका. बाहुली मुकी झाली तरी भाची तिला ठोकळ्यांच्या घरात झोपवेलच.